धबधबा गप्प झाला तेव्हा

जिन्याच्या पहिल्याच वळणावर छत्रीने दगा दिला. मिटता मिटेना. बाहेर भुरभुर पाऊस, पायात ओल्या चपला, एका हातात डबा, खांद्यावरून घसरणारी पिशवी... आणि वर तिसऱ्या मजल्यावर स्टुडिओचा लाल दिवा आता लागेल की मग लागेल! तिने मनातल्या मनात छत्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ती उघडीच डोक्यावर धरली आणि जिना चढायला धूम ठोकली.

तेवढ्यात मागून आवाज आला. भरदार, खणखणीत, जिन्याच्या भिंतींना घुमवणारा.

"आणि श्रोतेहो, निळ्या छत्रीवाल्या खेळाडूने पहिला मजला मागे टाकला आहे! पायऱ्या निसरड्या आहेत, पण काय ती जिद्द! काय ती चाल! अरे, पाय घसरला... नाही, नाही, सावरलं! वाहवा!"

ती गर्रकन वळली. चार पायऱ्या खाली एक उंच तरुण उभा होता. ओले केस कपाळाला चिकटलेले, बंद मूठ मायक्रोफोनसारखी तोंडासमोर धरलेली.

"तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का हो?"

"हाच तर उद्योग आहे माझा," तो अदबीने म्हणाला. "याचाच पगार मिळतो."

"मग जिथे मिळतो तिथे करा. मला हवामान वाचायचंय, उशीर होतोय."

"हवामान? तुम्ही वाचता?" त्याने तिच्या निथळणाऱ्या बाह्यांकडे पाहिलं. "मग अंदाज कशाला वर्तवता? साक्षच द्या की!"

हसू आलं होतं, पण ते दाखवायला वेळ नव्हता. ती उरलेले जिने धापा टाकत चढली, खुर्चीत बसली आणि लाल दिवा लागला. "उत्तरेकडे तुरळक सरी..." तिने सुरुवात केली आणि सहज मान वर केली. काचेपलीकडे, यंत्रांपाशी बसणाऱ्या तारवाल्या काकांच्या शेजारी तोच उभा! चेहरा कमालीचा गंभीर, आणि हात वर करून न दिसणारी छत्री मिटवण्याची त्याची चाललेली झटापट.

"...तुरळक... तुरळक..." तिने ओठ चावला. पुढचा शब्द हसूच होऊन बाहेर पडला, आणि तो घराघरांतून ऐकू गेला.

रेडिओ केंद्राचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी तिला लगेच बोलावून घेतलं.

"हवामान सांगताना हसायला काय झालं?"

"साहेब, उद्या ऊन पडणार म्हणून..."

"तुम्ही पाऊस सांगितलात!"

ती आज म्हातारी झालीय. तिचा आवाज ऐकत दोन पिढ्या वाढल्या. मानसन्मान इतके झाले की कपाटात जागा उरली नाही. तरी केंद्रातल्या नव्या निवेदिका तिला घेरून "बाई, काहीतरी आठवण सांगा ना" म्हणतात, तेव्हा ती सन्मानांचं सांगत नाही. ती हसते आणि म्हणते, "अगं, माझी छत्री मिटत नव्हती..."

तर तो होता केंद्राचा क्रीडा समालोचक. फुटबॉल असो, कुस्ती असो, सायकलींची शर्यत असो, सगळीकडे त्याचाच आवाज. केंद्रात त्याला सगळे 'धबधबा' म्हणत. एकदा सुरू झाला की थांबवायची कोणाची टाप नव्हती. आणि त्या दिवसापासून तिचंही नाव पडलं, 'हवामान'. "हवामान आलं का?" "आज हवामान कसं आहे?" असं जो तो विचारायचा आणि ती डोळे वटारायची.

धबधबा मात्र रोज कँटीनमध्ये तिच्याच टेबलाशी येऊन बसायचा.

"समोर काय दिसतंय, सांगा बघू."

"टेबल."

"असं नाही! श्रोत्याला दिसत नसतं. त्याने डोळे मिटलेत. त्याला दाखवायचंय." तो स्वतःचे डोळे गच्च मिटून घ्यायचा. "हं. दाखवा मला."

पहिल्या दिवशी ती लाजली. दुसऱ्या दिवशी चिडली. तिसऱ्या दिवशी मात्र पलीकडच्या टेबलावर साहेब एकटेच चहाला बसले होते, आणि तिच्या जिभेवर कोण जाणे कुठून वारं आलं.

"साहेबांनी बिस्कीट उचललंय," ती हळू आवाजात म्हणाली. "डावीकडे नजर... उजवीकडे नजर. कोणी पाहत नाही अशी खात्री झालीय. बिस्कीट चहात! फार वेळ ठेवलंय... साहेब, काढा... काढा ना... काढलं! पण हे काय? वाकलंय! तोंड पुढे आलंय, अंतर बोटभर, आणि... अरेरेरे! गेलं! बुडालं!"

धबधबा डोळे मिटूनच इतका मोठ्याने हसला की सगळं कँटीन वळून पाहू लागलं. साहेब चमच्याने बिस्कीट शोधत होते.

"तुमच्यात मोठी समालोचक दडलीय," डोळे उघडत तो म्हणाला. या वेळी चेष्टा नव्हती त्याच्या सुरात... की होती? तिला कळेना.

हीच तर अडचण होती! तो टेलिफोनवरच्या मुलीला म्हणायचा, "तुमच्या 'हॅलो'नेच माझी सकाळ होते." ग्रंथपाल बाईंना म्हणायचा, "तुम्ही पुस्तक दिलंत की न वाचताच शहाणं व्हायला होतं." झाडलोट करणाऱ्या मावशींनाही त्याने सोडलं नव्हतं. एकदा संध्याकाळी दोघं बरोबर रस्त्याने निघाली होती. वारा सुटला होता. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आज तुमचा आवाज ऐकला आणि वाटलं, बाहेर ढग असोत नाहीतर काही असो... ऊन पडलंय."

ते फक्त आपल्यासाठीच असावं, असं तिला वाटून गेलं. आणि म्हणूनच ती रागावली.

"हे आज कितव्यांदा म्हणालात? आणि कोणाकोणाला?"

"गोड बोलणं काय गुन्हा आहे?"

"गुन्हा नाही. पण घाऊक माल वाटतो."

तो थबकला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तिला आपल्या शब्दांची चुटपुट लागली. पण लगेच त्याने मूठ तोंडासमोर धरली. "आणि श्रोतेहो, समालोचक चारी मुंड्या चीत!"

ती हसली नाही. तो आणखी थोडा वेळ गप्प राहिला असता तर... असं तिला वाटत राहिलं.

मग नौकाशर्यतीचे दिवस आले. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीवर वर्षातून एकदा ही शर्यत व्हायची, आणि त्या दिवशी अख्खं शहर एक तर काठावर नाहीतर रेडिओपाशी असायचं. तिचं घर नदीकाठचं. वडील नावा बांधायचे. ते गेल्यावर दादा लाकडाच्या वखारीत लागला आणि वखारीच्या पिवळ्या नावेत वल्हं मारू लागला. बंदराची लाल नाव गेली कित्येक वर्षं अजिंक्य होती. यंदा तिला हरवायचंच, असा दादाने पण केला होता.

ती धीर करून साहेबांकडे गेली. "साहेब, शर्यतीला मलाही समालोचनाला बसू द्या. मला नावा कळतात."

"शर्यत म्हणजे अंगाई नव्हे," साहेब म्हणाले. "त्या गोंधळात बाईचा आवाज टिकत नाही."

धबधबा दारातच उभा होता. तो आत आला आणि साहेबांशी इतका वेळ भांडला की साहेबांनी शेवटी हात जोडले. "बरं, बरं! सुरुवातीला वारा कसा, पाण्याला ओढ किती, एवढं सांगायचं. हवामानच की. मग मायक्रोफोन याच्या हातात!"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माझ्यासाठी इतकं कशाला भांडलात?"

"तुमच्यासाठी कुठे? मला नावांतलं ओ की ठो कळत नाही. उगाच ओरडत असतो. तुम्ही शिकवा."

मग आठवडाभर रोज सकाळी तो नदीवर हजर. पावसाची चिपचिप चालूच होती. ती हात लांब करून दाखवायची: वल्हं पाण्यात कसं शिरतं बघा, पिवळ्यांचं तिरकं, लालवाल्यांचं सरळ. दमलेल्या नावेची मान कशी डुलायला लागते, ते बघा. तो बघायचा, विसरायचा, पुन्हा विचारायचा. आणि मग पावसात उभा राहून नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा सराव करायचा. "घसा सांभाळा!" ती ओरडायची. "धबधब्याला कसली सर्दी?" तो ओरडून उत्तर द्यायचा.

शर्यतीचा दिवस उजाडला. अंतिम रेषेच्या बरोबर वर, लाकडी मनोऱ्यावर समालोचकांची जागा. खाली माणसांचा समुद्र. ती वर पोचली तेव्हा तारवाले काका तारा जोडत होते, आणि धबधबा कोपऱ्यात गळ्याला पंचा गुंडाळून बसला होता.

"काय, आज स्वागत नाही? श्रोतेहो नाही?"

त्याने तोंड उघडलं. आतून गंजलेल्या बिजागरीसारखी करकर आली. बस्स.

"अहो... आवाज?"

त्याने दोन्ही हात पसरले. आवाज नव्हता.

काकांनी घाईघाईने केंद्राला फोन लावला. साहेबांचा आवाज रिसिव्हरमधून बाहेर सांडत होता. "दुसरा माणूस पाठवतो! नाही, रस्ते बंद आहेत... गाणी लावा! शर्यत नको, गाणी लावा!"

धबधबा उठला. काकांच्या हातातला रिसिव्हर त्याने अलगद काढून घेतला आणि जागेवर ठेवून दिला. मग टेबलावरचा मायक्रोफोन दोन्ही हातांनी सरकवत सरकवत तिच्यासमोर आणला.

"नाही हं," ती मागे सरली. "सगळं शहर ऐकतंय. मला नाही जमणार."

एरवी त्याने शंभर वाक्यं फेकली असती. आज त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी तो तिच्यासमोर उभा राहिला. वाट बघत.

लाल दिवा लागला.

"नमस्कार, श्रोतेहो," ती म्हणाली. "वारा पश्चिमेचा आहे... पाण्याला ओढ आहे. पाच नावा रांगेत उभ्या आहेत, आणि वल्ह्यांवरून थेंब टपकताहेत, इतकी शांतता आहे..."

बंदुकीचा बार झाला, आणि पुढे काय झालं ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. तिला फक्त नदी दिसत होती. जे दिसत होतं ते तोंडातून बाहेर पडत होतं. हिरवी नाव कशी बिचकली, पांढरीच्या सुकाणूवाल्याने कसं वळण चुकवलं, निळीची मान कशी डुलू लागली. तो शेजारी बसून नुसत्या हातांनी बोलत होता. तळवा खाली, म्हणजे सावकाश. मूठ वर, म्हणजे चढव आवाज! ती घाईत श्वास घ्यायला विसरली की तो स्वतः छाती भरून श्वास घेऊन दाखवायचा, आणि तिलाही घ्यावाच लागायचा.

"आता दोनच नावा उरल्यात! लाल पुढे आहे, पण पिवळी सोडत नाही! आठ पाठी एकदम वाकताहेत, एकदम उठताहेत... पिवळी आली! बरोबरीला आली!"

पिवळीत तिसऱ्या जागेवर दादा होता. आठांतला एक. तिने त्याचं नाव घेतलं नाही. घराच्या ओसरीत आई रेडिओला कान लावून बसली असेल, हे तिला माहीत होतं.

"लाल... पिवळी... लाल... आणि रेषा पार!"

काठावर जल्लोष फुटला. "पिवळी! पिवळी!" टोप्या उडाल्या, ढोल वाजले. लोकांना हवं होतं तेच त्यांना दिसलं होतं. पंच मात्र खाली डोकी एकत्र करून उभे होते. निशाण वर जात नव्हतं.

मनोरा रेषेच्या अगदी डोक्यावर. तिने पाहिलं होतं.

थोडं थांबता आलं असतं. पंचांनी सांगितल्यावर सांगता आलं असतं. तिने धबधब्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि पिवळ्या नावेत कोण आहे, तेही त्याला ठाऊक होतं. त्याने कसलीच खूण केली नाही. फक्त टेबलावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"श्रोतेहो," ती म्हणाली, "काठावर पिवळ्या नावेचा जयजयकार चाललाय. पण मी रेषेच्या वर बसलेय, आणि मला जे दिसलं तेच मी सांगणार. लाल नाव जिंकली. वीतभर पुढे होती. फक्त वीतभर... पण होती."

मनोऱ्याखाली कर्ण्यावर सगळं ऐकू जात होतं. लोक भडकले. "खाली उतर!" "काय कळतं हिला!" कोणी शिट्ट्या मारल्या. पण तिचा आवाज टिकला. पिवळ्या नावेने लढत कशी दिली, ते ती शांतपणे सांगत राहिली.

आणि निशाण वर गेलं. लाल.

शिट्ट्या थांबल्या. मग कुठूनतरी एक टाळी आली. मग दहा, मग शंभर. बघता बघता सगळा काठ मनोऱ्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत होता. तारवाले काका डोळे पुसत म्हणाले, "आयुष्यभर तारा जोडल्या गं पोरी, आज चीज झालं."

दादा शिडी चढून वर आला. नखशिखांत भिजलेला, दम लागलेला.

"काय गं, सख्ख्या भावाला हरवलंस?"

"दादा, मला दिसलं म्हणून..."

"वीतभर कशाला म्हणायचं? चार बोटं होती, चार बोटं!" आणि त्याने तिला ओल्या अंगानेच घट्ट जवळ घेतलं. "बाबा असते ना, तर आज नाव सोडून तुझ्याच मिरवणुकीत नाचले असते." मग त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "हे कोण?"

"हे... धबधबा."

"हे? यांच्यातून तर थेंब पडत नाहीये!"

साहेब धापा टाकत पोचले ते सगळं उरकल्यावर. केंद्रातले फोन थांबत नव्हते. ही मुलगी कोण, असं जो तो विचारत होता. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. "पुढच्या महिन्यात फुटबॉलचा मोठा सामना आहे. आवाज... अं... टिकतो म्हणायचा."

"बसेन," ती म्हणाली. "पण आम्ही दोघं बसणार. आणि फक्त हवामान सांगायला नाही."

साहेबांनी धबधब्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही अंगठे वर केले.

डॉक्टरांनी त्याला पंधरा दिवस चकार शब्द काढायला बंदी केली. केंद्रात सगळ्यांना वाटलं, आता हा पोट फुटून मरणार. पण तो रोज नेमाने कँटीनमध्ये यायचा आणि तिच्यासमोर बसायचा. ती बोलायची, तो ऐकायचा. आणि तिला काय काय दिसायला लागलं! ती यायच्या आधी तिची खुर्ची उन्हातून बाजूला सरकवलेली असायची. चहात साखर कमी लागते हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं, तरी तिचा कप तसाच यायचा. रस्त्यात डबकं आलं की तो आपण होऊन त्या अंगाला व्हायचा. हे काही आजचं नव्हतं. पहिल्यापासून चाललेलं होतं. त्याच्या बडबडीत तिला दिसलं नव्हतं, इतकंच.

बंदी संपली त्या रविवारी तिने त्याला सकाळी नदीवर बोलावलं. दादाची छोटी होडी तिने पाण्यात लोटली आणि म्हणाली, "बसा."

तो बसला. दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट पकडून.

ती सरासर वल्ही मारत होती. पाणी चमकत होतं. नदीच्या मध्यावर आल्यावर तिने वल्ही थांबवली आणि वाट पाहिली. धबधबा आता फुटेल, मग फुटेल... पण तो नुसता बसून होता. चेहरा पांढराफटक.

"अहो, बोला की! आवाज आलाय ना?"

"आलाय."

"मग?"

"मला पोहता येत नाही."

"काय?"

"आणि होडीत मी आज पहिल्यांदाच बसलोय."

"इतकी वर्षं या नदीवरून समालोचन करताय... आणि..."

"मनोऱ्यावरून!" तो कळवळून म्हणाला. "मनोऱ्यावरून करतोय!"

ती इतकी हसली की होडी डुलायला लागली, आणि त्याने डोळेच मिटून घेतले. "हलू नकोस ना गं!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिला 'गं' म्हटलं होतं.

"मग आलास कशाला?" तिने हळूच विचारलं. तिच्याही तोंडी 'तू' कधी आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"तू बोलावलंस म्हणून." त्याने डोळे उघडले. ना मूठ तोंडासमोर, ना श्रोतेहो. "हे बघ, मी घाबरलोय. आणि मला तुझ्याशी लग्न करायचंय. दोन्ही अगदी खरं आहे."

पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता. तो पुढे काहीच बोलला नाही. तिने बघितलं: कडेवरची त्याची बोटं पांढरी पडली होती, पण नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"पोहायला मी शिकवीन," ती म्हणाली.

"आणि... दुसरं?"

"दुसऱ्यात काही शिकवायची गरज दिसत नाही."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा तो आनंदाने उठून उभा राहायला गेला, होडी कलली, आणि तो "आई गं!" करत मटकन खाली बसला. काठावर दादा आणि आई उभे होते. आई डोळ्यांवर पदराची सावली धरून, होडीत काय गोंधळ चाललाय ते बघायची धडपड करत होती.

ती उठली. पाय रोवून होडीत ताठ उभी राहिली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले, आणि अख्ख्या शहराने ऐकलेल्या त्या आवाजात ओरडली, "आई! मी याच्याशी लग्न करतेय!"

नदीच्या दोन्ही काठांवर धुणी धुणारे, मासे पकडणारे, फिरायला आलेले, सगळे जिथल्या तिथे थांबले. दादाने टोपी हवेत उडवली.

आणि काठावरून आईचा आवाज आला, लेकीहूनही खणखणीत.

"कर गं बाई, कर! पण आधी त्याला जिवंत काठावर तर आण!"